घर बंद

उद्यमबागेत एकवीस वर्षं ओतकाम केलं.
वाळूच्या साच्यात ओतली
दुसऱ्यांच्या पंपांची पोटं.
मग कणकुंबीच्या अलीकडे,
डांबर संपतं तिथून पाऊण तास चालून,
या उतारावर आलो
आणि पहिलं ओतलं ते हे चाक:
भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या सोळा वाट्या,
ओंजळीच्या आकाराच्या, मधे धार ठेवलेल्या.
झऱ्याचं पाणी काळ्या पाइपातून उतरतं,
वाट्यांवर आपटतं
आणि स्वैपाकघरात एक बल्ब लागतो.
एकच.
दुसरा लावला तर दोघेही पिवळे पडतात,
बिनबोलावल्या पाहुण्यांसारखे.

लोक म्हणतात, बरं आहे की, बिल नाही काही.
बिल असतं.
आषाढात पाइपाच्या तोंडाशी खेकडा बसतो,
नेमका मध्यरात्री.
पिंडऱ्यांना तंबाखूचं पाणी चोळायचं, जळवांसाठी,
डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चढायचं,
चाचपत जाळी उपसायची.
पहिल्या वर्षी शिव्या दिल्या खेकड्याला.
आता शालनला सांगून जातो,
मसाला वाटून ठेव.

छपरावर पॅनेल आहे,
ते दोन महिने नुसतं भिजतं.
गोबरगॅस थंडीत रुसतो.
शालन कोमट पाण्यात शेण कालवून घालते,
हळूहळू, तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी,
आणि दुपारी आच थोडी निळी होते.
भाताचं बी तिनं राखेत घोळून टांगलंय.
नाचणी उंदरांच्या तावडीतून उरेल तेवढी आमची.

चुलीमागच्या भिंतीवर तिनं कोळशानं लिहून ठेवलंय
आपल्याला काय काय करता येत नाही ते.
मीठ.
सुई. काडेपेटी. चष्मा.
चहापूड तिनं लिहिली, मी पुसली,
तिनं पुन्हा लिहिली, मोठ्या अक्षरात.

तिसऱ्या वर्षी चाक कण्हायला लागलं.
वंगण घातलं, पाचर ठोकली,
एकवीस वर्षांची सगळी अक्कल ओतून झाली.
मग ते थांबलं.
अकरा रात्री दिवेलागणीलाच जेवलो.
अंधारात कळलं, शालन जेवताना
स्वतःशी पुटपुटते. आधी कधी ऐकलं नव्हतं.

बाराव्या दिवशी वीज कंपनीचा इराप्पा आला,
छत्री मोडलेली, बगलेत रजिस्टर:
तारेबाहेरची घरं मोजत होता.
मी म्हटलं, मला तार नको.
तो म्हणाला, देणार कोण तुम्हाला?
चौदा खांब, जंगलखात्याचा शिक्का,
तोवर मी रिटायर.
मग उठला, चाकाशी उकिडवा बसला,
हातानं फिरवून कान लावला,
डॉक्टर लावतो तसा.
"बेअरिंग होगेति," म्हणाला.

बेअरिंग मला ओतता येत नाही.
आठवड्यानं तोच घेऊन आला,
कुठल्याशा जुन्या मोटारीतलं,
रुमालात बांधून, लग्नातला लाडू आणावा तसं.
पैसे नको म्हणाला.
कोकमाची भरणी मात्र दोन्ही हातांनी घेतली.

बल्ब लागला तेव्हा
तिघांनीही वर बघितलं. उगाच.
शालननं कोळसा घेतला,
काडेपेटीच्या खाली लिहिलं: बेअरिंग.
इराप्पानं त्याच उजेडात रजिस्टर उघडलं,
जीभ दाताखाली धरून एक ओळ लिहिली.
बसच्या पाट्यांवर शिकलेली माझी कानडी,
एकेक अक्षर लावत वाचलं:
मने मुच्चिदे.

"काय लिहिलंन?" शालननं विचारलं.
घर बंद आहे, म्हणून.

ती पातेलं घेऊन थांबली.
"मग बंद घरात आणखी चहा कुणाला ओतू?"

"साकु, साकु," इराप्पा म्हणाला
आणि कप पुढे केला.