आखूड नखं

तुळशीबागेतून तीन बाटल्या आणल्या.
एक गुलाबी, एक पांढरी,
तिसरीच्या रंगावरून माझं आणि दुकानदाराचं वाजलं.
तो म्हणे वांगी. मी म्हणे, छे, पिकलं जांभूळ.
स्वरूपा म्हणाली, वांगीच घे.
भरलं वांगं निदान माझ्या ओळखीचं आहे.

कर्वेनगरची खोली, दोन कॉट, एक टेबल,
उद्या सातारा रोडला तिच्या मामेबहिणीचा साखरपुडा.
पंखा बंद ठेवलाय,
वाऱ्याने रंगाला बुडबुडे येतात असं कुणीतरी सांगितलेलं.
बुडबुडे नाहीत. आम्ही दोघी मात्र घामाघूम.

तिची नखं मुळाशी कापलेली.
वाढली की कागदावर नख आधी पोचतं,
बोट मागाहून,
आणि अक्षर कळतं ते बोटालाच.
बँकेत कुणी विचारलं, एवढी बारीक का गं कापतेस,
तर ही बिनदिक्कत सांगते, गिटार शिकतेय.

आखूड नखाचा नियम एकच, मी सांगते,
जणू माझं पार्लरच आहे.
दोन्ही कडांना केसाएवढी जागा सोडायची,
नाहीतर नख दिसतं लाटून ठेवलेल्या पापडासारखं.
मधून एक फटकारा, एक डावीकडून, एक उजवीकडून.
तीनच. चौथ्याचा मोह आवरायचा.
मला तो आवरत नाही.
करंगळी बिघडते.
कापूस, रिमूव्हर, पुन्हा पहिल्यापासून.
खालून आगाशेबाई ओरडतात,
वर रॉकेल सांडलंय का गं?

सुकलं?
हात नको लावू.
मग मला कळणार कसं, काय काढलंस ते?

बरोबर होतं तिचं.
मग साडीपिनेचं गोल डोकं पांढऱ्यात बुडवलं
आणि उजव्या हाताच्या तर्जनीवर एक ठिपका,
मधल्या बोटावर एकाखाली एक दोन,
अनामिकेवर तीन.
तिसरा जेमतेम मावला, कातडीला टेकलाच.
सुकले की त्यांच्यावर पुन्हा, मग पुन्हा,
मोहरीएवढे उंच होईतो.

वीस मिनिटं हात टेबलावर पसरून बसली ती.
मधे बार्शीहून आईचा फोन.
मी तो तिच्या कानाशी धरला.
जेवलीस का, उद्या कुठली साडी, केसांना तेल लावलंस का.
नखांचं तिने सांगितलं नाही.

मग डाव्या हाताचं बोट
उजव्या हाताच्या नखांवरून हळूच फिरलं,
थांबलं,
मागे जाऊन पुन्हा आलं.

हे काय लिहिलंयस?

मी कुठे काय लिहिलं? ठिपके आहेत नुसते. एक, दोन, तीन.

एक म्हणजे अ. एकाखाली एक दोन, ब. तीन, ल.
अबल.
भर साखरपुड्यात हे मिरवू मी?

आणि ती हसायला लागली ती थांबेचना,
कॉट करकरायला लागली.
मला हसू यायला जरा वेळ लागला.
दोन वर्षं शेजारी झोपते मी हिच्या,
तिच्या जाडजूड पुस्तकावर कप ठेवला म्हणून बोलणी खाल्लीत,
पण तिचा अ कसा असतो
हे कधी विचारलं नव्हतं.

सगळं पुसू का?
सगळं कशाला? नुसता अ काढ.

काढला.
ठिपक्याबरोबर खालचा गुलाबीही गेला,
तर्जनी उघडीबोडकी झाली.
शेजारी दोन, मग तीन.
तिने पुन्हा बोट फिरवलं. वाचलं मोठ्याने.
उघड्या नखावर मी ब्रश नेला
तर म्हणाली, असू दे तसंच.

आता डावा हात पुढे केलाय तिने.
पिन घेऊन मी बसलेय, रंग टोकाशी घट्ट व्हायला लागलाय.
सांग ना, काय लिहू?

काही लिहू नको, बाई.
फूल काढ. वांगी रंगाचं.