बरण्या, नग सात

रुवैसला ऑगस्टात सकाळी सहालाच
ट्रकचं दार हाताला चटका देतं.
तिसऱ्या मजल्यावर, ओट्यावर, तिने त्या मांडून ठेवलेल्या
मोठीपासून धाकटीपर्यंत.

मी यादीत लिहिलं : चिनी मातीच्या बरण्या, सात.
ती म्हणाली, चिनी नाही. कोरिया.
आमच्या भाषेत, बाई, मातीच चिनी असते,
देश कुठलाही असो.
हे कसं सांगणार? तिचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं,
दोघं मिळून एक वाक्य कसंबसं जिना उतरवत होतो.
खोडलं. कोरिया लिहिलं.

नवरा अणुभट्टीतला इंजिनिअर, कंत्राट संपलेलं.
त्याने एकदाच डोकावून विचारलं,
टीव्ही आडवा तर नाही ना ठेवणार?

ओक-हुई बाई एकेक उचलून देत होत्या.
ही तिळाची. ही सोयाची, तळाला अजून काळी कड.
ही मधाची, हिच्या काठाचा टवका उडाला
तो युद्धात, पळताना.
युद्ध हा शब्द तिला येत नव्हता,
पळणं तिने दोन बोटांनी ओट्यावर दाखवलं.

अंगावर एक फूल, गवताच्या दोन काड्या,
बाकी पांढरं इतकं मोकळं
की रंगवणाऱ्याला कुणी हाक मारली असावी
आणि तो परत आलाच नाही.

मग निळ्यावर बोट, आणि तेच बोट खिडकीबाहेर.
समुद्र? मी म्हटलं.
नाही, पलीकडे. इराण.
फार पूर्वी निळा तिथून यायचा म्हणे,
चीन ओलांडून, सोन्याच्या भावाने.
म्हणून एकच फूल. म्हणून दोनच काड्या.
खरंखोटं तिला ठाऊक.
मला एवढंच सुचलं, की हा रंगही
इथलाच कुणीतरी, बाहेर कामाला गेलेला;
इतक्या वर्षांनी आखातात आला,
घरासमोर चार वर्षं फळीवर बसला
आणि पाण्यापलीकडे न जाताच परत निघाला.

सातवी मुठीएवढी. बुडाशी केसासारखा तडा.
तोंडाला फडकं बांधलेलं,
लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं.
आत मीठ. दगड झालेलं.

नियम आहे : खाण्याची वस्तू कंटेनरमध्ये जात नाही.
मी बरणी उपडी केली, थोपटली. मीठ हललं नाही.
पाण्याने सुटेल, म्हणत नळ सोडला.
तिने नळ बंद केला.
ओल्या ओट्यावर बोटाने चौकोन काढले,
एकाला लागून एक, एकाला लागून एक,
आणि दोन्ही हातांनी लांब दांडा
स्वतःकडे ओढल्यासारखं केलं.
मग तळहात विमानासारखा वर नेला
आणि चौकोन पुसून टाकले.

ते ओढणं मला दाखवायची गरज नव्हती.
मी उरणचा. घरत.
बाप मिठागरावर असाच ओढायचा, पाठीत वाकून.
आमच्या चौकोनांवर आता कंटेनर रचतात,
हेच, चाळीस फुटी.
तिला सांगितलं नाही. इंग्रजीत मिठागराला काय म्हणतात?

फडकं पुन्हा बांधलं. फोमचे तीन पदर.
यादीत, क्रमांक एकतीस :
बरणी, लहान, कोरिया, तडा एक. रिकामी.

पारकर वर आला. सगळं धुतलं ना?
हो.
त्याने खोका उचलला आणि क्षणभर थांबला,
वीस वर्षं उचलतोय, वजन कळतं त्याला.
माझ्याकडे पाहिलं.
मग म्हणाला, दार धर,
आणि जिन्याकडे वळला.