राखण

सर्वेक्षणाचा पोरगा दारात उभा:
एक ते दहा. तुमचं शहर राहण्याजोगं किती?
मित्सुए सामेशिमा वर बघते,
त्याच्या डोक्यावरून, खाडीपलीकडे,
जिथे साकुराजिमा सकाळपासून
जुन्या दमेकऱ्यासारखा
अधूनमधून खाकरतो आहे.

"वारा कुठला?" ती विचारते.
पोरगा कागद उलटतो.
असा प्रश्न यादीत नाही.

कागोशिमात वाऱ्याला विचारल्याशिवाय
कोणी चादर वाळत घालत नाही.
हिवाळ्यात तो राख पलीकडे नेतो, तारुमिझूकडे,
तिथे तिची नणंद राहते,
फोनवर नुसती उसासे टाकते.
उन्हाळ्यात पाळी मित्सुएची.
लख्ख आभाळाखाली छत्र्या उघडतात,
दातांत कचकच, ट्रामच्या रुळांत कचकच,
गच्चीवरची वांगी करडी.
नगरपालिका पिवळ्या पिशव्या देते.
झाडून, भरून, गाठ मारून
लोक कोपऱ्यावर डोंगर ठेवून येतात,
थोडा थोडा.

"हवामान?"
"सात," ती म्हणते. मग, "थांब, लिहू नकोस."

"मोकळ्या जागा, विरंगुळा?"
इथे मात्र ती उंबऱ्यावर बसतेच.
मे ते ऑक्टोबर ती खाडीत पोहते,
अडुसष्टाव्या वर्षी, फुलाफुलांची टोपी घालून.
सोबत आरिमुरा असतो, फेरीबोटीवरचा निवृत्त आचारी,
ज्यानं तीस वर्षं असे उदोन शिजवले
की पंधरा मिनिटांत बेट यावं
आणि पंधरा मिनिटांत वाडगा रिकामा व्हावा.
अजूनही तो सगळं घाईनंच करतो. पोहतोसुद्धा.
मित्सुए मागे राहते, पाठीवर पडून.
तेव्हा अख्खा डोंगर, धुरासकट,
तिच्या पायाच्या दोन अंगठ्यांमध्ये मावतो.

"आणि आपत्तीचा धोका?"
पोराचा आवाज उगीच खाली येतो,
आजाऱ्याच्या खोलीत यावा तसा.

तिच्या आईचं गाव कुरोकामी.
तिथे देवळाची कमान कमरेएवढीच उरली आहे.
बाकीची खाली, राखेत,
पाय रोवून उभी, अजून.
आई तिला हात लावून म्हणायची,
बघ, वरून वाकून नमस्कार करायचा असा एकच देव.

जानेवारीत कवायत असते. भोंगा, रांग, पिशवी.
पिशवीत औषधं, चष्मा, बँकेचं पुस्तक.
मग एवढीशी जागा उरते:
नवऱ्याचा फोटो, की पोहायचा पोशाख?
दर वर्षी ती वेगळं ठरवते
आणि कोणाला सांगत नाही.

मुलगा ओसाकाहून बोलावतो. गेली होती, अकरा दिवस.
खिडकी पुसली, तर फडकं स्वच्छच निघालं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसली.
तिसऱ्या दिवशी तिला कळेना
सकाळी उठून करायचं काय.
राखायचं म्हटलं की राख आलीच,
हे त्याला फोनवर कसं समजवावं?

एवढ्यात धूर मान वळवतो.
"धर, हे टोक धर!"
पोरगा कागद कठड्यावर टाकून धावतो,
दोघं चादरीची घडी घालतात,
एकदा जवळ, एकदा लांब,
त्याचं टोक तिच्या हातात, तिचं त्याच्या,
शेजारीण नाकामी ओरडत खिडक्या लावते आहे,
कोणाची तरी सायकल, कोणाचे तरी बूट, आत, आत.

परत येतात तर कागदावर
बारीक करडा थर. चौकोन दिसेनासे.
तो फुंकर घालायला वाकतो.
"फुंकू नकोस, डोळ्यांत जाईल.
असा वाकव. हळू. ओत."
आणि ती पिवळी पिशवी पुढे करते.

त्याचा प्रश्न तसाच राहिलेला, एक ते दहा.
ती टॉवेल खांद्यावर टाकते.
तासाभरात बसेल हे सगळं, भरतीही आहे,
आरिमुरा एव्हाना पाण्यात उतरलाही असेल.

"पोहता येतं तुला?"

पोरगा सवयीनं कागदाकडे बघतो.