हळदीचा डबा

आदगोंडा चौगुल्यांचा डबा त्रिशला घेऊन आली
तेव्हा पुराला दीड वर्ष झालं होतं.
झाकणावरचं चित्र गेलेलं, कड गंजलेली,
आत एकशे बारा नाणी
आणि वाळून पापडी झालेला
कृष्णेचा चिखल.

"तुम्ही शाळेत बाटल्या धुवायच्या ना, म्हणून आले."
खोटं नव्हतं ते.
बत्तीस वर्षं मुलींच्या हायस्कुलात
परीक्षानळ्या धुतल्या, आम्लं पातळ केली,
आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही,
आणि घरी येऊन तांब्याची घागर चिंचेनं घासली.

इथं चिंच नाही, आधीच सांगितलं तिला.
लिंबू नाही, रांगोळी नाही, राख तर नाहीच.
दहा वर्षांची असताना मी एक शिवराई
दिवाळीच्या भांड्यांत घालून लख्ख केली होती.
अजून आहे माझ्याकडे.
कुणाची, कधीची, विचारलं तर
नुसती चमकते.

पहिले चार दिवस पाणीच,
बॅटरीवाल्याकडचं, क्षार नसलेलं.
सकाळी बदलायचं, संध्याकाळी बदलायचं.
पोह्यांच्या बशीत तळाशी गाळ बसायचा,
तेवढ्यापुरता पूर पुन्हा घरात.

तांब्याची तेलात ठेवली,
मेडिकलमधल्या चपट्या बाटलीतलं ऑलिव्हचं तेल.
आठवडे गेले.
मग भिंग, आणि बाभळीचा काटा.
टाचणी नको, ती धातूला ओरबाडते.
काट्यानं एकेक अक्षर उकरत
एका दुपारी मी फक्त एक 'त्र' मोकळा केला
आणि चहा केला स्वतःपुरता.

चांदीचे रुपये शेवटी.
पातेल्यात अॅल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा, उकळतं पाणी.
नासक्या अंड्याचा वास सुटला,
काळेपण नाण्यावरून उठून कागदावर बसलं,
तिथवर सगळं पुस्तकातल्यासारखं.
मग पाणी लाल झालं.

हात थांबला माझा.
धातूचा असा रंग कुठल्याच वहीत नव्हता.
मग आठवलं, आणि मोठ्यानं हसले एकटीच:
टीपकागदाच्या पट्ट्या हळदीत बुडवून
दर जूनमध्ये मीच वाळत घालायचे,
आठवीच्या मुली साबणाचं पाणी टाकायच्या
आणि "बाई, कुंकू!" म्हणून ओरडायच्या.

चाळीस वर्षं हळदीच्या सौद्यात होता हा माणूस.
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, असं तोच सांगतो.
त्याच बोटांनी रात्री नाणी काढायची,
मोजायची, ठेवायची.
पुराचं पाणी आलं आणि गेलं,
राणीच्या केसांच्या वळणांत
त्याची हळद तशीच होती.

डबा घेऊन मी स्वतः गेले गणपती पेठेत.
काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत हे त्रिशला बोलली नव्हती.
ओट्यावर बसून त्यानं अंगठा फिरवला.
"ही दुदांडी.
ही राणी. हिचं नाक घासलंय, तरणा असताना मीच घासलं.
ही भोकाची."
काळं आहे की पांढरं, एकदाही विचारलं नाही.
मला जरा रागच आला,
तीन महिने भिंगाला डोळा लावून बसले होते मी.

मग त्यानं मूठभर नाणी नाकाशी नेली.
खूप वेळ तशीच धरली.
"बाई, ही कुणाची?"

काय सांगणार? सोड्यात गेली म्हणू?
मोरीत ओतलं ते लाल पाणी, म्हणू?
उठून त्यांच्याच स्वयंपाकघरात गेले,
चिमूटभर हळद फडक्यात बांधून
पुरचुंडी झाकणाला आतून चिकटवली.
हळद दमट धरते, तांब्याला बरी नाही,
हे मला कळतं.
कळून केलं.

डबा त्यानं तळहातावर तोलला.
"एक कमी हाय."
आहेच.
तिला हिरवा रोग आहे, पुसला की परत फुलतो,
बाकीच्यांना लागेल म्हणून वेगळी ठेवलीय.
सकाळी उठल्यावर दूध तापवायच्या आधी
मी तिचं पाणी बदलते.