कूलर बंद असतानाची वीस मिनिटं

कमाल चौकात मी कूलरच्या मोटरी बांधतो.
फेब्रुवारी सरता सरता माझा सीझन लागतो.
लोक पिशवीतून जळका वास घेऊन येतात
आणि म्हणतात, भाऊ, संध्याकाळपर्यंत झालीच पाहिजे.

माझ्या पोरीच्या तबल्याला मात्र कूलर सोसत नाही.
ओल्या हवेनं पुडी सैल पडते,
'ना' वाजवला तर पाटावर थापटल्यासारखा येतो.
हे सांगून बोकडे सर हसले होते,
तुमचा धंदा आमच्या सुराच्या मुळावर, जी.

आधी कसं होतं :
रविवारी दहाला क्लास, म्हणून नऊला रियाज.
'आमू, तबला!' मी मोरीतून ओरडायचो,
ज्या आवाजात लाइटबिलाची आठवण करतात, त्या आवाजात.
तबला माळ्यावर, चेन लावलेल्या खोळीत, रजयांच्या मागे.
तो उतरवायला स्टूल लागायचं, मी लागायचो, तिचं मन लागायचं.
तिन्ही एका दिवशी घरात नसायचे.

सरांनी भाषण नाही दिलं. विचारलं,
वेढे कसे घालता हो मोटरीत?
म्हटलं, मोजून.
घाईत घातले तर?
जळते.
मोजणं चुकलं तर सगळी तार काढता?
नाही जी, जिथं चुकलं तिथपर्यंतच उकलायचं.
ते चहा प्याले. म्हणाले,
मग मला काय विचारता, तुम्हालाच येते की शिकवणं.

त्याच रात्री तबला खाली आला.
आता फ्रिजच्या बाजूला, चुंबळीवर,
तिच्या आईच्या जुन्या साडीच्या तुकड्याखाली असतो.
पाणी प्यायला गेलं तरी दिसतो.

पहाटे पावणेसहाला पाचपावलीत नळ येतात,
मी कूलरचं बटण खाली करतो.
धाकटा झोपेतच कुरकुरतो, 'काऊन बंद केला?'
त्याची आई त्याला पेपरनं वारा घालते.
आमू आधी तोंडानं बोलते, हात मांडीवर.
मग वाजवते, इतकं सावकाश
की मला, अडाण्यालासुद्धा, मोजता येतं.
'तिरकिट' अडकलं की फक्त तेवढंच,
बाकीचा कायदा तोवर शांत बसतो.
साफ निघालं की एक चिंचोका
माझ्या स्क्रूच्या डबीतून वाटीत.
चुकलं तर वाटीतले परत घ्यायचे नाहीत,
हा नियम तिनं केलेला, मला आवडलेला.

मी जवळच तार गुंडाळत असतो, तिच्याकडे पाठ करून.
'वा' म्हणत नाही. 'पुन्हा' म्हणत नाही.
काय चुकलं ते मला कळतच नाही,
आयुष्यात पहिल्यांदा ते उपयोगी पडलं.

कामठीला मावसबहिणीचं लग्न झालं, चार दिवस तबला मुका.
पाचव्या दिवशी बोटं ऐकेनात, ती रडली.
सर फोनवर म्हणाले, आज पाच मिनिटं. नुसता 'ना'.
मला ते उकलणं ओळखीचं वाटलं.

मग नवतपा लागला.
एका दवाखान्याचे सहा कूलर एकाच दिवशी बसले,
मी रात्री दीडला घरी आलो आणि पडलो.
सकाळी जाग आली ती शांततेनं.
पंख्याची घरघर नाही, पंपाचं टपटप नाही.
धंद्याचा माणूस मी, आधी वास घेतला.
जळका नव्हता.

फ्रिजच्या बाजूनं बोल येत होते,
एकेक, सुटा, कुणीतरी मोजून तार घालावी तसे.
बटण तिनंच खाली केलं होतं.

मी उठलो नाही.
घामानं उशी ओली होत होती, होऊ दिली.
डोळे मिटून तिच्याबरोबर सोळापर्यंत गेलो,
पुन्हा एकपासून.
तेराव्यावर ती थांबली. वाटीत काही पडलं नाही.
परत सुरू.

तिरकिट अजून अडकतंय.
असू दे. चिंचोके घरात पुष्कळ आहेत.