झाकली मूठ

विनेमक्काला नोव्हेंबरात चार वाजताच सांजावतं.
ती आली तेव्हा मी काउंटरची काच पुसत होतो.
अंगात नर्सचा निळा सदरा, बुटांना कुणाच्या तरी गोठ्यातला चिखल.
मायते एचेवेरी. तिच्या आजोबांची मेंढरं
माझ्या बापानं वीस वर्षं कातरली.
म्हणाली, "व्हर्लिन, लहानसं दाखव.
पण गोळी मोठी हवी."

सगळे हेच मागतात.
मुठीत मावेल एवढा गडगडाट.

हिरव्या कापडावर तीन मांडली.
एक पंचेचाळीसचं, तीन इंची नळीचं, चपटं,
सहा गोळ्या पोटात, एक घशात.
एक चाळीसचं, जरा लठ्ठ.
आणि एक आखूड रिव्हॉल्वर, चव्वेचाळीसचं,
माझ्यासारखंच जुन्या वळणाचं.
म्हटलं, "गोळी मोठी आणि पिस्तूल हलकं असलं
की उरलेला धक्का मनगटानं झेलायचा.
जड घेतलंस तर संध्याकाळी कंबर कुरकुरेल,
हलकं घेतलंस तर अंगठ्याचं मूळ.
फुकट काही सुटत नाही."

तिनं चपट्याची स्लाइड ओढली. अर्ध्यात अडली.
मग खांदा लावून ओढली,
जशी ती म्हाताऱ्यांना कुशीवर वळवते,
आणि ती मुकाट मागे गेली.

"आता रिकामंच कंबरेला लाव. बस.
लेस बांध. वरच्या फळीवरचा डबा काढ.
अशी ताणू नकोस, सदरा वर जातो,
स्टूल घे.
आता मिठी मार."
"कुणाला?"
"मलाच. लोक डोळ्यांनी ओळखत नाहीत, मिठीत ओळखतात."
बावीस वर्षांपूर्वी, माझी बायको गेली तेव्हा,
तिनं मला अशीच मिठी मारली होती.
या वेळी मध्ये काहीतरी टोचलं.
"थोडं मागे सरकव," मी म्हटलं, "शिवणीच्या मागे."

मग रीतीप्रमाणे विचारलं,
साप, कोयोटी, की माणूस?
सापाला वेगळी काडतुसं लागतात, म्हणून विचारावं लागतं.
ती काचेत बघत राहिली,
जिथे मी नुकतंच पुसलं होतं.
"लॅनी मार्चमध्ये सुटतोय."

लॅनी.
चौदाचा होता, याच काउंटरशी उभा,
बाप नोटा मोजत होता,
आणि त्याची पहिली बावीसची रायफल मी कागदात गुंडाळत होतो.
थँक्यू सर म्हणाला. दाराशी जाऊन पुन्हा एकदा म्हणाला.

फॉर्म चार पानी.
त्यातल्या एकाही रकान्यात लॅनी मावत नव्हता.
फोनवरून होकार येईपर्यंत आम्ही बर्फाच्या टायरांबद्दल बोललो,
ओरोवाडाच्या रस्त्याबद्दल, त्या रस्त्यावरच्या
एकट्या म्हातारीबद्दल, जी इन्शुलिन घ्यायला विसरते.
सही करताना तिचा हात हलला नाही.
माझा, पावती फाडताना, हलला.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
इथे साडेपाचशे डॉलर, कर वेगळा.
सरावाच्या गोळ्यांचा एक डबा मी तसाच पिशवीत टाकला,
बिलात धरला नाही. ती काही बोलली नाही.

एप्रिलमध्ये किराणा दुकानात ती दिसली,
घेवड्याच्या डब्यांपाशी.
वरच्या फळीवरचा हवा होता,
तर तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणलं.
मी बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.
उजव्या कुशीला, शिवणीच्या मागे.
एक सुरकुतीसुद्धा नाही.

दोन माणसं सोडून रांगेत लॅनी उभा होता,
हातात दुधाचा कॅन, केस बारीक कापलेले.
तोही तिच्याकडेच बघत होता,
बराच वेळ, पाठमोरीकडे, कंबरेपासून मानेपर्यंत.

त्यालाही काही दिसलं नाही.
काम चोख झालं होतं.