येसबाची चौकट

नाथा बंगळूरहून आला, दोन वर्षांची सेवा संपवून,
पांढरा शर्ट, कोपरापर्यंत उन्हानं रापलेला,
खिशात एक काळी पट्टी: एल्डर आवळे.
वय तेवीस.
त्याच्या बापाला, आमच्या दादांना,
मंडळीचे 'वडील' व्हायला साठी उलटावी लागली.

चहा नको म्हणाला.
"पाप असतं व्हय रं चहात?"
"पाप नाही आत्या. शब्द दिलाय."
कोल्हापुरात चहा नाकारायचा म्हणजे
भांडणच उकरून काढायचं.
मी आधण उतरवलं, त्याला गंगावेशीत नेलं,
कट्ट्यावर, समोर म्हैस पिळून दिलेला ग्लास.
फेसाची मिशी आली तसा
पुन्हा आठ वर्षांचा दिसला.
त्यांच्यात म्हणे आठव्या वर्षी बाप्तिस्मा,
आमच्यात तान्ह्यालाच.
याला मीच धरलं होतं पाळकसाहेबांपुढं,
रडून रडून निळा झालेला.

रविवारी उपदेशात नाव न घेता:
त्यांचा बाप हाडामांसाचा,
त्यांचे तिघे तीनच राहतात, एक होत नाहीत,
पवित्र शास्त्राला त्यांनी दुसरं पुस्तक जोडलं,
मग ख्रिस्ती म्हणायचं तरी कसं?
मागच्या बाकावर नाथा आमचंच गीत गात होता,
शेवटच्या ओळीला किंचित वर चढणारा
आमच्याच घराचा बेसूर.
मतांगिकार सुरू झाला तसे
त्याचे ओठ मिटले.
मी तिरक्या नजरेनं बघितलं.
दादाही बघत होते.

शेजारची हौसाक्का म्हणाली,
"ती बी किरिस्तावं, तुमी बी किरिस्तावं,
भांडताय कशापायी?"
तिला सांगायला बसले,
आणि अर्ध्यावर माझंच मला कळेना.

रात्री त्यानं लॅपटॉप उघडला. चौकटीच चौकटी.
आजोबा शिमोन, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर.
पणजोबा लाजर, बाप्तिस्म्याच्या वहीत सही नाही, अंगठा.
त्याच्यावरची चौकट रिकामी.
"यांचे वडील?"

मला ठाऊक होतं.
येसबा. गोऱ्या साहेबाची पुस्तकांची पेटी
डोक्यावर घेऊन ज्यानं पंचगंगा ओलांडली,
पेटीला थेंब लागू दिला नाही.
साहेबानं पलीकडं त्याच पाण्याकडं बोट दाखवलं
तर म्हणाला, "साहेब, पान्यात तर रोजच उतरतोय."
आणि हलगी काखेत मारून जत्रेला गेला.

येसबा आता कुठं असेल
हे आमच्या मंडळीत कुणी मोठ्यानं विचारत नाही.
शिमोन आजोबांनी शेवटच्या रात्री विचारलं होतं,
"आज्जा भेटंल का रं तिथं?"
दादांनी तेविसावं स्तोत्र काढलं
आणि सगळं वाचलं.

नाथाकडं उत्तर होतं.
त्यांच्या मंदिरात येसबाच्या नावानं
कुणी जिवंत माणूस पाण्यात उतरेल.
"मग तिकडं ते घेतील, नाहीतर नाकारतील. सक्ती नाही."
"नाकारतील?"
"तेवढा हक्क राहतो."
मला हसूच आलं. "पोरा, त्यो परत हलगी उचलंल."
नाथा हसला नाही.
"विचारायला तरी हवं ना आत्या,
पुन्हा एकदा."

दादा दारात कधीचे उभे होते कोण जाणे.
"बाप्तिस्मा एकच," म्हणाले.
पंखा घरघरत होता. बाहेर कुणीतरी बुलेट चालू करत होतं,
होत नव्हती.

मग आत आले, चष्मा चढवला,
पडद्याजवळ वाकले.
"येसबा नव्हं. ती हाक मारायची.
येसाजी सखाराम. नीट लिही.
आणि मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नकोस."
नाथाची बोटं अडखळत चालली.
"जन्मसाल?"
"पुराचं."
"कुठल्या पुराचं?"
"थोरल्या."

चौकटीला आकडाच पाहिजे होता.
दोघंही तिच्याकडं बघत बसले,
बाप आणि लेक.